नावे वाचून काय साधते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेघर अवस्थेत मरण पावलेल्यांच्या स्मरणसभांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने आक्षेप नोंदवलेत, याबद्दल मी आभारी आहे. आपले म्हणणे असे की, जिवंतपणी ज्याला कोणी छप्पर दिले नाही, त्याच्या मृत्यूनंतर नाव वाचून मेणबत्ती लावणे म्हणजे जगणाऱ्यांनी आपल्याच मनाची समजूत घालणे होय. तो वेळ आणि पैसा निवाऱ्यावर खर्च व्हावा. दुसरा आक्षेप मी वापरलेल्या ‘बेवारस’ या शब्दावर आहे: नातलग आले नाहीत, म्हणून त्या माणसाचे कोणीच नव्हते असे तो शब्द सुचवतो. त्याकडे मागाहून येते.

आपल्या शब्दांमागचा संताप मला रास्त वाटतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. अमेरिकेत १९९० पासून २१ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, या सभा होतात आणि त्या भरवण्यात बेघरांसाठी वर्षभर झटणाऱ्या, त्यांच्यावर औषधोपचार करणाऱ्या संस्थांचाच पुढाकार असतो. स्मरण करावे की मदत, असा प्रश्न त्यांना पडत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नावे वाचायची तर ती आधी शोधावी लागतात. मृत्यूच्या नोंदीत अनेकदा एखादा जुना पत्ता लिहिला जातो किंवा पत्त्याची जागा रिकामीच राहते. तो माणूस बेघर होता हे त्या कागदावरून कळत नाही आणि गणतीतून तो कायमचा निसटतो. ब्रिटनमध्ये पत्रकारांनी असे मृत्यू एकेक करून शोधायला आणि नोंदवायला घेतले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंड आणि वेल्ससाठी पहिल्यांदाच अंदाज प्रसिद्ध केला: २०१७ या एका वर्षात ५९७ मृत्यू, मृत्यूसमयीचे सरासरी वय पुरुषांचे ४४, स्त्रियांचे ४२. यांपैकी जवळपास एकतृतीयांश मृत्यू अमली पदार्थांच्या विषबाधेने झाले होते. ही माणसे थंडीने गारठून मरतात, असे मी स्वतः कितीतरी वर्षे धरून चालले होते. आपण मागता तो निवारा हवाच, पण त्या निवाऱ्यात व्यसनावरचे उपचार नसतील तर यांतले किती जण वाचतील, हा प्रश्न त्या मोजणीमुळेच विचारता येतो.

समजूत कोणाची घातली जाते, याविषयीही थोडे लिहिते. टोरांटोतील एका चर्चमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशी सभा भरते. तिथल्या यादीत ज्यांची ओळखच पटली नाही असे अनेक जण केवळ ‘जॉन डो’ किंवा ‘जेन डो’ म्हणून नोंदलेले आहेत. अशा सभांना रस्त्यावर राहणारी माणसेही येतात. मृत्यूची वार्ता रीतीप्रमाणे कायदेशीर नातलगाला कळवली जाते. शेजारी पथारी टाकणाऱ्या, आजारपणात पाणी आणून देणाऱ्या सोबत्याला ती कळवण्याचे बंधन कोणावरही नसते. आपला माणूस दिसेनासा झाला, एवढेच त्याला ठाऊक असते. अंत्यविधी कुठे आणि कधी झाला हे न कळलेल्या अशा सोबत्याला शोक करण्यासाठी ही एकच जागा उरते, आणि ती त्याच्याकडून काढून घ्यावी असे आपल्यालाही वाटत नसेल, अशी माझी खात्री आहे.

आता ‘बेवारस’. इथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. वारस ठरवताना कायदा रक्ताचे आणि विवाहाचे नाते पाहतो. तो शब्द उचलताना मीही तेवढेच पाहिले आणि वर उल्लेखलेल्या सोबत्याला हिशेबातून वगळले. लेखात तीन ठिकाणी तो शब्द आला होता. तिन्ही ठिकाणी आज ‘ज्यांचा देह न्यायला कोणी आले नाही’ अशी दुरुस्ती केली आहे आणि ती आपल्या सूचनेवरून केल्याचे लेखाखाली नोंदवले आहे.