10,000 पट, पण कशाच्या?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तीन-चार महिन्यांनी एक हिरवं काटेरी फळ उगवतं. खालचा मजकूर ठरलेला: लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा 10,000 पट प्रभावी, फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं, नैसर्गिक असल्याने अपाय शून्य, औषध कंपन्यांनी मुद्दाम दडवलंय, पुढे पाठवा. एरवी मी सोडून देतो. या वेळी धाकट्या मावशीची केमो सुरू व्हायची होती आणि तिच्या मुलाने त्याच झाडाच्या पानांची पावडर मागवलीसुद्धा. म्हणून हे लिहितोय.

गंमत म्हणजे 10,000 हा आकडा हवेतला नाही. 1996 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी या फळाच्या बियांमधून काही रसायनं वेगळी काढली. त्यातलं एक, सिस-ॲनोनासिन, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या 10,000 पट तीव्र ठरलं. एक रसायन, एक औषध, एका प्रकारच्या पेशी. माणूस कुठेच नाही. गरही नाही, बिया, ज्या आपण थुंकून टाकतो. आणि बशीतल्या पेशी काय, फिनेलनेही मरतात. गिळलेलं रसायन पोटातून, यकृतातून जाऊन गाठीपर्यंत किती पोचतं आणि वाटेत काय बिघडवतं, हे बशीत कळत नाही.

‘फक्त कॅन्सरच्याच पेशी’ म्हणे. या रसायनांना ॲसिटोजेनिन म्हणतात. पेशीत ऊर्जा तयार होण्याची जी साखळी असते, ती ही रसायनं पहिल्याच टप्प्यावर अडवतात. तीच साखळी आपल्या मेंदूच्या पेशींतही चालू असते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या (म्हणजे कंपवातासारख्या), पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण फार दिसले. 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्याचा संबंध हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेण्याशी जोडला गेला. तेच कारण, असं सिद्ध झालेलं नाही. पण ‘अपाय शून्य’ हे कुणी कुठून आणलं?

त्यासाठी ग्वादलूपलाही जायला नको. सीताफळ याच कुळातलं. आजी त्याच्या बिया कुटून तेलात कालवायची, बहिणीच्या केसांना चोपडायची आणि आधी तिच्या डोळ्यांवर फडकं घट्ट आवळायची. पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उवा मात्र पटापट मरायच्या. सगळं शंभर टक्के नैसर्गिक.

दडवादडवीचं म्हणाल, तर अंगणातल्या सदाफुलीकडे बघा. विन्क्रिस्टीन तिच्यापासूनच मिळतं. 1963 पासून ते केमोचं औषध आहे आणि एका बड्या अमेरिकन कंपनीनेच ते बाजारात आणलं. झाडात दम दिसला की कंपन्या तो लपवत नाहीत, विकतात.

मग फळं खाऊन काहीच होत नाही का? होतं, पण मेसेजात शोभेल असं नाही. तोंड, घसा यांच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होत असावा, असे मर्यादित पुरावे आहेत. आहारातल्या चोथ्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका घटतो, याला त्याहून जास्त आधार आहे. त्यासाठी साधा पेरू चालतो. ज्यूस काढून गाळला की चोथा गाळणीत. आणि पेरू खाऊन वर तंबाखूचा बार भरला, तर जमाखर्च पेरूच्या बाजूने लागत नाही.

मावशीच्या डॉक्टरांनी पावडरीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. रोज किती चमचे घ्यायचे ते छापलं होतं, आत कुठलं रसायन किती ते नव्हतं. ‘हे बंद,’ म्हणाले. मावशीने विचारलं, मग फळ? स्वच्छ धुतलेलं, ताजं कापलेलं, एखादी फोड चालेल म्हणाले. बी काढून.