डोंगरावर काय घालावं, काय न्यावं आणि फोटोत कसं दिसावं

डोंगर चढायचा तर जीन्सच हवी. भिजली की मांडीला चिकटते, जड होते, गुडघा उचलताना ओढते आणि वाळता वाळत नाही. पण फोटोत छान दिसते. आत सुती टी-शर्ट घाला. सुती कापड घाम असा मायेने धरून ठेवतं की माथ्यावरच्या वाऱ्यातही सोडत नाही. अंगाला चिकटलेलं पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने ऊब खेचून नेतं, वगैरे पुस्तकी गोष्टी. लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीसचा (मऊ, लवदार कापडाचा) उबदार थर, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट ही भानगड चढताना एक थर काढून थांबल्यावर पुन्हा चढवायला न कंटाळणाऱ्यांची. तुम्ही पायथ्यालाच सगळ्यात जाड जाकीट घाला. अर्ध्या तासात आतून चिंब व्हाल, मग पाऊस आला काय न आला काय.

पायथ्याशी ऊन असेल तर वरही असणारच. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, पण तो हिशेब हवामानखात्याने करावा.

पावसाळी जाकीट घेताना रंग बघा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे का, टोपी मानेबरोबर वळते का, असलं बघत बसू नका. घरी आणून फॅब्रिक सॉफ्टनर घालून दणकून धुवा. बाहेरचा पाणी झटकणारा लेप मरतो, कापड पाणी पितं, आतला घाम बाहेर पडेनासा होतो आणि तुम्ही कंपनीला शिव्या द्यायला मोकळे.

बूट त्याच सकाळी खोक्यातून काढलेले असावेत आणि अगदी घट्ट मापाचे. उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतील, तेवढीच आठवण. त्याहून उत्तम म्हणजे कित्येक वर्षं माळ्यावर पडलेले. पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा तळ न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. बूट वरून नवाकोरा दिसतो आणि नेमका उतारावर आ वासतो.

सॅकला कव्हर घातलं की झालं. पाठीकडून पाणी शिरतं, जोराच्या वाऱ्यात कव्हरच उडतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालणारे लोक भित्रे.

टॉर्च कशाला? मोबाईल आहे की. नकाशा तोच, दिवा तोच, मदतीचा फोनही तोच. थंडीत बॅटरीने मान टाकली की तिन्ही एकदम जातात. कुणी हेडटॉर्च दिलाच तर सॅकच्या तळाशी कोंबा, म्हणजे बटण दाबलं जाऊन संध्याकाळपर्यंत सेल संपतील. शिट्टीचं तर नावच नको. ती बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या बकलातच असते, हे कळायची गरज नाही. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. एवढं कोण लक्षात ठेवतो!

जास्तीचं गरम जाकीट घरीच ठेवा, वजन वाचतं. चालताना थंडी वाजतेच कुठे? घोटा मुरगळून तासभर एकाच जागी बसल्यावर वाजते, आणि घोटा नेहमी दुसऱ्याचाच मुरगळतो. त्याला थेट ओल्या दगडावर बसवा. खाली रिकामी सॅक सरकवली तर जमिनीला ऊब कशी मिळणार?

चौघे असाल तर फारच सोपं. प्रथमोपचाराची पेटी, जादा सेल, आत शिरून वाऱ्यापासून वाचायची मोठी पिशवी, सगळं 'दुसऱ्याने घेतलंय' असं प्रत्येकाने धरून चालावं. वर पोचल्यावर चार पॉवर बँका निघतील. केबल एकही नाही.