एक फोन आधी करायचा होता

आज दुपारपासून डोकं भणभणतंय, लिहून मोकळी झाल्याशिवाय झोप लागायची नाही. नणंदेच्या मुलीचा फोन आला, हुंदके देत बोलत होती. "मामी, त्यांनी माझं प्रोफाइलच बाजूला ठेवलं." एका कंपनीत इंटरव्ह्यूचे दोन राउंड छान झाले होते, तिसरा ठरत होता. मग मधेच काय झालं? तर तिचं नाव कंपनीला पाठवणाऱ्या कन्सल्टंटकडून, म्हणजे रिक्रूटरकडून, १० दिवस काही कळेना म्हणून हिने कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः पुन्हा अप्लाय केलं, शिवाय मॅनेजरला शोधून काढून डायरेक्ट मेसेज टाकला. कोणाच्या तरी व्हिडिओत ऐकलं होतं म्हणे, की रिक्रूटर हा फक्त मधला माणूस, त्याला वगळा आणि थेट दार ठोठावा.

हे व्हिडिओवाले मला समोर भेटायला हवेत! ऐकायला किती धाडसी वाटतं, थेट दार ठोठावा. आणि मग दार तोंडावर आपटतं ते या पोरीच्या, सांगणारा पुढच्या व्हिडिओकडे निघून गेलेला असतो.

कंपनीच्या बाजूने काय होतं ते कोणी समजावूनच सांगत नाही. बाहेरच्या एजन्सीचा कन्सल्टंट बहुतेक वेळा तुम्ही जॉइन झालात तरच पैसे कमावतो, ते पैसे कंपनी देते, पहिल्या वर्षाच्या पगाराच्या काही टक्के. त्याने तुमचं नाव पाठवलं की पुढचे ६ महिने किंवा वर्षभर ते नाव त्याच्या खात्यावर, असं कंपनीच्या आणि त्याच्या करारात सहसा लिहिलेलं असतं. आता तेच नाव दुसऱ्या वाटेने परत आलं की एचआरसमोर प्रश्न, फी द्यायची की नाही, उद्या यावरून भांडण होणार का. त्यांच्याकडे अजून ४ चांगले उमेदवार असतील तर ते या भानगडीत कशाला पडतील? तुमच्यात काही खोट नसते, तरी तुम्ही बाहेर.

मला हे एवढं का लागतंय, तर मी स्वतः हेच केलंय. ११ वर्षं झाली. माझी दुसरी नोकरी, कन्सल्टंट एक बाई होत्या. त्यांनी माझा सीव्ही बसून नीट करून घेतला, इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं की मधल्या दीड वर्षाच्या गॅपबद्दल विचारतील, लपवू नका, सरळ सांगा. दुसऱ्या राउंडनंतर ८ दिवस शांतता. माझा धीर सुटला. मॅनेजरचा मेल आयडी होताच माझ्याकडे, रात्री त्याला मेल टाकला, स्टेटस विचारलं आणि शेवटी लिहिलं की पगाराचं थोडं कमीजास्त चालेल मला.

ती एक ओळ. नेमकं त्याच आठवड्यात त्या बाई माझ्यासाठी वरच्या आकड्यावर अडून बसल्या होत्या, म्हणून शांतता होती. मॅनेजरने माझा मेल त्यांनाच फॉरवर्ड केला. नोकरी मिळाली, पण खालच्या आकड्यावर. त्यांचा फोन आला, मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, पण त्या चिडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "मला एक फोन केला असतात ना." त्यांची फीसुद्धा माझ्या पगारावर होती, म्हणजे माझ्याबरोबर त्यांचंही नुकसान झालं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की सगळे रिक्रूटर असे नसतात. नसतात, मान्य. न विचारता सीव्ही पाठवणारे असतात, कंपनीचं नाव शेवटपर्यंत न सांगणारे असतात, रिजेक्ट झालं तरी दोन ओळींचा मेल न टाकणारे तर ढिगाने. खरं सांगू, लिहिता लिहिता आता माझा राग त्यांच्याकडेच वळतोय. या पोरीला १० दिवसांत एक मेसेज केला असता, 'अजून काही कळलं नाही, थांब', एवढाच, तर हे सगळं घडलंच नसतं! माणूस नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो, रात्री दोनदा उठून मेल बघतो, आणि तुम्हाला ३० सेकंद मिळत नाहीत? आणि उमेदवाराकडे पैसे मागणारा तर रिक्रूटरच नव्हे, त्याच्याशी कसले शिष्टाचार पाळायचे, फोन ठेवून द्यायचा. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १९९७ चा १८१ नंबरचा करार आहे, खाजगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही असंच त्यात म्हटलंय, अपवाद अगदी मोजके.

पण तो गप्प बसला म्हणून आपण त्याच्या पाठीमागून जायचं, हे मला आजही पटत नाही. त्याला सांगून जा ना. दोनदा विचारा, उत्तर नाही आलं तर स्वच्छ लिहा, 'शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर मी कंपनीला स्वतः विचारेन.' आणि शुक्रवार गेला की खुशाल विचारा, मेलमधे त्याला सीसीत ठेवा, पहिल्याच ओळीत लिहा की माझं प्रोफाइल अमुक एजन्सीकडून आलंय. यात लपवाछपवी कुठेय? एचआरलाही कळतं की हा माणूस सरळ आहे.

इंटरव्ह्यूनंतर मॅनेजरला थँक्यू मेल टाकायला काहीच हरकत नाही, फक्त त्यात पगार आणि जॉइनिंगची तारीख आणायची नाही, ते बोलणं ज्याच्याकडे दिलंय त्याच्याकडेच राहू दे. माझं हेच तर चुकलं होतं. नुसतं स्टेटस विचारलं असतं तर फार बिघडलं नसतं, पगाराची ती ओळ नडली.

आणि कंपनीनेच तुम्हाला डायरेक्ट फोन केला तर? बोला की, नीट बोला, आणि ठेवल्यावर लगेच कन्सल्टंटला कळवा. त्या कंपनीत तुम्ही आधीच अप्लाय केलेलं असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगून टाका, नाव पाठवल्यावर नाही. ज्याने तुमचं नाव अजून कुठे पाठवलेलंच नाही, नुसत्या गप्पा मारल्यात, त्याला तुम्ही काही बांधलेले नाही, तुमचं तुम्ही अप्लाय करा. रिक्रूटर कंपनीच्याच पगारावर असेल तर फीचा प्रश्नच नाही, तरी विचारायचं आधी त्यालाच.

मघाशी पोरीवर चिडले मी थोडी, ते नको होतं. घरात सगळे रोज विचारतात, झालं का, कळलं का, काय म्हणाले, आणि तिच्याकडे सांगायला काही नाही. मी त्या ८ दिवसांत तशीच होते. मला तरी कोण सांगणारं होतं?

संध्याकाळी तिला पुन्हा फोन लावला. म्हटलं, आधी त्या कन्सल्टंटला फोन कर, मेसेज नको, फोन. काय केलंस, कधी केलंस, सगळं सांग, सबबी नकोत. मग दोघांनी मिळून एचआरला लेखी कळवा की तुझं नाव त्याच्याकडूनच ग्राह्य धरावं आणि साइटवरचा अर्ज मागे घेतला असं समजावं. तिने केला फोन. तो आधी बराच वेळ बोलला म्हणे, रागावूनच, पण शेवटी उद्या सकाळी एचआरशी बोलतो म्हणाला.

माझ्या यादीत हायरिंगमधले बरेच जण आहात. असा डबल झालेला अर्ज मागे घेतल्यावर प्रोफाइल परत उघडलेलं कोणी पाहिलंय का? असेल तर आज रात्रीच मेसेज करा, कितीही उशीर झाला तरी चालेल, पोरगी जागीच आहे.