जॉन्सनच्या डिक्शनरीतले जोक सोडून बाकीचं पण वाचा की राव

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तो फोटो टाकतंच. सॅम्युअल जॉन्सनची १७५५ ची इंग्लिश डिक्शनरी आणि त्यातली ओट्सची व्याख्या : इंग्लंडात साधारणपणे घोड्यांना घालतात ते धान्य, पण स्कॉटलंडात त्यावर माणसं जगतात. खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. मलाही हसू येतं, नाही असं नाही. पण त्याच त्याच सात-आठ व्याख्या इतक्या फिरल्यात की वाटावं हा बाबा वर्षानुवर्षं बसून नुसत्या टवाळक्या करत होता. अहो, ४२,७७३ शब्द आहेत त्यात. खोडसाळ म्हणाव्यात अशा नोंदी मूठभर निघतील. उरलेलं पुस्तक कुणी उघडतच नाही, आणि माझं म्हणणं असं की खरी गंमत तिथेच आहे.

१७४६ मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याला हे काम दिलं. १,५०० गिनी ठरल्या, लेखनिकांचे पगारही त्यातूनच द्यायचे. तीन वर्षांत उरकतो म्हणाला. फ्रेंच अकादमीच्या चाळीस जणांना याच कामाला चाळीस वर्षं लागली असं कुणीतरी म्हटलं, तर याचं गणित तयार : चाळीस गुणिले चाळीस सोळाशे, म्हणजे इंग्रजाचं फ्रेंच माणसाशी प्रमाण तीनास सोळाशे! प्रत्यक्षात पुस्तक यायला १७५५ चा एप्रिल उजाडला, मधे १७५२ मध्ये बायको गेली, पैशांची ओढाताण तर कायमचीच. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसायचे, त्यातले पाच स्कॉटिश. ओट्सचा जोक फॉरवर्ड करणारे हे कधी सांगत नाहीत.

आणि कामाची पद्धत बघा. आधी शब्दांची यादी आणि मग डोक्यातून अर्थ, असं नाही. आधी पुस्तकं वाचायची, शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन, जिथे एखादा शब्द नीट वापरलेला दिसला तिथे खाली रेघ मारायची, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचं, की लेखनिकांनी ते वाक्य कागदावर उतरवून घ्यायचं. लोकांची उसनी आणलेली पुस्तकंसुद्धा त्याने अशीच रेघोट्या मारून परत केलीत (माझं पुस्तक असं परत आलं असतं तर मी दारात उभं केलं नसतं). अशी लाखाच्या वर अवतरणं त्याने छापली, आणि अर्थ ठरवायचा तो त्या वाक्यांवरून.

म्हणून मोठमोठ्या अवघड शब्दांपेक्षा त्याने बारक्या शब्दांवर जी मेहनत घेतलीय ती वाचण्यासारखी आहे. 'टेक' या एका क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ वेगळे काढलेत. यात काय एवढं असं वाटत असेल तर आपलं 'काढणे' घ्या आणि बसा : फोटो काढणे, लोन काढणे, खोड काढणे, आठवण काढणे, पावसाळा कसाबसा काढणे. कुठला अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, दहाव्याला डोकं धरायची वेळ येते. तो १३४ पर्यंत गेला, आणि प्रत्येकाला शक्य तिथे कुणाचं तरी वाक्य जोडलं.

हसायचंच असेल तर त्याच्या फसलेल्या व्याख्यांना हसा ना. 'नेटवर्क'ची त्याने केलेली व्याख्या मराठीत आणायची तर शासन निर्णयाचीच भाषा लागेल : समान अंतरांवर जालीकृत वा व्यत्यस्त असलेली, छेदबिंदूंच्या दरम्यान अवकाश असणारी कोणतीही वस्तू. खोकला म्हणजे काय, तर कुठल्याशा तीक्ष्ण द्रवाने डिवचलेल्या फुफ्फुसांचा झटका. आता खोकला माहीत नसलेल्या माणसाला हे वाचून काय कळणार? पण हे आपल्याला जमणार नाही हे त्याला आधीच दिसत होतं. प्रस्तावनेत त्याने मांडलंय की अर्थ सांगायला मूळ शब्दापेक्षा सोपा शब्द लागतो, आणि जो सगळ्यात सोपा आहे त्याहून सोपा आणायचा कुठून.

आता मतांचं. एक्साइज म्हणजे मालावरचा तिरस्करणीय कर, आणि तो ठरवणारे म्हणजे कर खाणाऱ्यांनीच भाड्याने ठेवलेली नीच माणसं, असं त्याने सरळ छापलं. एक्साइजवाल्यांनी अॅटर्नी जनरलचा सल्ला घेतला, त्याने सांगितलं की ही बदनामी आहे खरी, पण खटला न भरता दुरुस्तीची संधी द्या. शेअरची उलाढाल करून पैसा कमावणारा, त्याच्या लेखी हलकट (ग्रुपमधल्या ट्रेडर मंडळींनी मनावर घेऊ नये). आणि पेन्शन म्हणजे इंग्लंडात साधारणपणे देशद्रोह केल्याबद्दल सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पगार! मग १७६२ मध्ये राजाने त्यालाच वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन दिलं आणि त्याने घेतलं. लोकांनी त्याचीच व्याख्या त्याच्या तोंडावर मारली. त्याला बिचाऱ्याला सांगण्यात आलं होतं की हे पुढे काही करावं म्हणून नाही, आजवर जे केलंत त्यासाठी आहे. पटो न पटो, घेतलं ते बरंच केलं असं मला वाटतं. इतकी वर्षं राबलेल्या माणसाने उपाशी राहून बाणेदारपणा दाखवावा ही अपेक्षा नेहमी पोटभर जेवलेल्यांचीच असते.

पण डिक्शनरीत मत असलं की ते मला आपोआप आवडतं असंही नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८ मध्ये ७०,००० शब्दांचा कोश काढला, त्यात लग्न या शब्दाखाली चक्क लिहिलंय की ही संस्था खुद्द देवाने स्थापन केली, स्त्री-पुरुषांचे स्वैर संबंध रोखायला आणि घर-संसार, मुलंबाळं नीट चालायला. मुलांना घरीच शिकवणारी काही ख्रिश्चन कुटुंबं आजही तो कोश वापरतात, पुनर्मुद्रण मिळतं. जॉन्सन चिडतो तेव्हा तो स्वतःच्या नावावर चिडतो, वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस कावलाय. वेबस्टर मात्र स्वतःचं मत देवाच्या सहीने खपवतो, आणि मला ते जास्त खटकतं.

माझ्या सगळ्यात आवडत्या नोंदी मात्र यातल्या कुठल्याच नाहीत. शेक्सपिअरच्या एका नाटकात ट्रोल्मीडेम्स असा शब्द येतो, कुठल्यातरी खेळाचं नाव. जॉन्सनने नोंद केली, वाक्य दिलं आणि लिहिलं : या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही. गाळून टाकला असता तर कुणाला कळलं असतं? तसंच 'वर्म' हे क्रियापद, त्याखाली एक अर्थ असा : कुत्र्याच्या जिभेखालचं काहीतरी, काय ते कुणालाच माहीत नाही, काढून टाकणे, म्हणजे म्हणे कुत्रं पिसाळत नाही, का ते कुणालाच माहीत नाही.

अख्खी १७५५ ची आवृत्ती स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलीय. मोबाईलवर नका उघडू, लॅपटॉप घ्या, पानं प्रचंड आहेत. जुन्या टाइपात एस बऱ्याच ठिकाणी एफसारखा दिसतो, सुरुवातीला जरा अडखळायला होतं, मग डोळा बसतो. 'टेक' दुसऱ्या खंडात आहे.