तुकडीची जागा कोरी

आज सायंकाळी बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचा ओट्यावर बसून नव्या वह्यांना खाकी कव्हर घालत होता. शाळा उघडून अजून आठवडाही झालेला नाही. प्रत्येक वहीवर त्याने चिठ्ठी चिकटवली होती आणि नाव, शाळा, विषय, इयत्ता आठवी हे सगळे वळणदार अक्षरांत लिहिले होते. मात्र सातही वह्यांवर ‘तुकडी’ या शब्दापुढची जागा कोरी होती. मी विचारले, तेव्हा मान वर न करता म्हणाला, “राहू दे ना मामा.” घरातून बहिणीचा आवाज आला, “‘ड’ मा टाकेल शे त्याले. जाऊ दे भाऊ, त्याले कोठे इतलं डोकं शे!” ती हे मायेनेच बोलली, याविषयी मला शंका नाही. पण मुलाने ते ऐकले आणि कव्हरची घडी पुन्हा एकदा नखाने दाबली. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही, म्हणून घरी येऊन लिहायला बसलो आहे.

सातवीच्या गुणांवरून यादी लावायची, वरच्या साठ मुलांची ‘अ’ म्हणजे सेमी इंग्रजीची तुकडी करायची, त्यांच्या खालोखालच्यांना ‘ब’मध्ये घ्यायचे आणि उरलेल्यांना ‘क’ व ‘ड’मध्ये कोंबायचे, ही रीत आपल्या तालुक्यातालुक्यांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. त्या यादीवर कोणी ‘हुशार’ किंवा ‘ढ’ असे लिहीत नाही. लिहिण्याची गरजही नसते. गणित-विज्ञानाचे अनुभवी शिक्षक कोणत्या वर्गावर जातात, कोणाचे तास ऑफ जातात, प्रयोगशाळेची किल्ली कोणासाठी उघडते, हे मुले आठ दिवसांत ओळखतात. तेरा वर्षांच्या मुलाला समजते की अमुक वर्गात उत्तराची वाट पाहिली जाते आणि आपल्या वर्गात फक्त शांततेची अपेक्षा असते.

मी स्वतः आठवी ‘ड’चा विद्यार्थी आहे. ही गोष्ट १९९३ सालची. आमचा वर्ग सायकल स्टँडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत भरत असे आणि आम्ही बासष्ट जण होतो. कापूस वेचणीला आला की त्यातले निम्मे गळत, कारण दिवाळीच्या मागेपुढे घरातला एकही हात रिकामा ठेवणे परवडत नसे. त्या वर्षी वेळापत्रकाच्या काही अडचणीमुळे ‘अ’ला गणित शिकवणारे सर आमच्याकडे मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला आले. चौथ्या दिवशी त्यांनी हजेरीपत्रक न उघडता बासष्टही नावे घेतली. गैरहजर असलेल्यांचीही घेतली आणि कोण कोणाच्या शेतावर गेला आहे, ते विचारले.

एकदा त्यांनी फळ्यावर गणित मांडले : वेचणीचा दर पाऊण रुपया किलो, कापूस अठ्ठेचाळीस किलो, तर मजुरी किती? माझ्या तोंडून निघून गेले, “माले येस सर.” म्हणजे, मला येते, सर. वर्ग हसला, कारण शाळेत अहिराणी बोलणे म्हणजे गावंढळपणा, असे आम्हाला आमच्याच शाळेने शिकवले होते. सर हसले नाहीत. मी उभा राहून सांगितले की आधी रुपया धरायचा, म्हणजे अठ्ठेचाळीस, त्यातून पाव भाग, म्हणजे बारा वजा करायचे, छत्तीस. काट्यावर माझी आई असाच हिशेब करीत असे. आजीला तर पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते, शाळेचे तोंड न पाहता. सरांनी ती रीत दुसऱ्या दिवशी ‘अ’च्या फळ्यावर लिहिली आणि खाली माझे नाव घातले, तुकडीसकट. ‘अ’मधल्या एका मुलाने मला हे मधल्या सुट्टीत सांगितले. मी खोटे समजलो आणि खात्री करायला त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी गेलो. फळा पुसलेला नव्हता.

त्या खिडकीशी मी किती वेळ उभा होतो, ते आठवत नाही. त्या दिवसानंतर मी गणिताचा तास बुडवला नाही, एवढे मात्र नक्की. वेचणीचे दिवस असले तरी दुपारपर्यंत शेतात राहून मधल्या सुट्टीनंतरच्या त्या एका तासासाठी मी अडीच कोस चालत शाळेत येत असे. आज सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करून पोट भरतो. ताळेबंद उघडला की अजूनही आधी रुपया धरतो आणि मग पाव वजा करतो.

आता कोणी म्हणेल की एका शिक्षकाने एका मुलाकडे पाहिले, त्यावरून सगळ्या व्यवस्थेला नावे का ठेवायची. म्हणोत बापडे. शिक्षकाच्या अपेक्षेने मूल बदलते का, हे अमेरिकेत रोझेन्थल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियाच्या एका प्राथमिक शाळेत तपासले होते आणि १९६८ साली प्रसिद्धही केले होते : चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडली, ‘ही यंदा झेप घेतील’ असे शिक्षकांना सांगितले, आणि वर्षाअखेरीस लहान वर्गांतली ती मुले खरोखर इतरांच्या पुढे गेलेली आढळली. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, तेही ठीक. मला त्यासाठी कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. मी सायकल स्टँडशेजारच्या खोलीत बसलेलो आहे.

खरा संताप येतो तो आपल्या अभिमानाचा. साने गुरुजी आमच्या खान्देशातले, असे आपण छाती फुगवून सांगतो. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. ते कोणाचे गुण पाहून केर काढीत नव्हते. दरवर्षी त्यांच्या जयंतीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि त्याच भागातल्या शाळेत जूनमध्ये अशी यादी लावतो की ज्या मुलाला मायेची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या वाट्याला नेमका सर्वांत कमी शिक्षक यावा. हे आपल्याला दिसत कसे नाही? चौकातल्या फलकावर दहावीत पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्यांचे फोटो लागतात. ‘ड’मधून कोण दहावीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याचा फलक कोणी लावला आहे?

आणि ‘ड’मध्ये असते कोण, तेही एकदा जाऊन पाहा. अमळनेर-पारोळ्याकडे घरात अहिराणी बोलणारी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली बोलणारी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी नाही तर भिल्ली बोलणारी मुले. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि दुसरे सत्र अर्धे संपल्यावर परतलेली मुले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मोठ्या झालेल्या मुली. यांची बुद्धी मोजली कोणी? आपण मोजली ती प्रमाण मराठीची सवय आणि हजेरीचे दिवस, आणि त्या बेरजेला ‘डोकं’ असे नाव दिले. माझ्या बहिणीनेही तेच नाव दिले, कारण शाळेने तिला ते दिले होते. तीही ‘ड’चीच, आणि नववीतच तिची शाळा सुटली. मला सर भेटले, तिला भेटले नाहीत; आमच्या दोघांच्या डोक्यांत याहून वेगळा फरक मला तरी माहीत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. छडी बहुतेक ठिकाणी गेली, चांगले झाले. पण वर्षभर दारावर रंगवलेल्या एका अक्षराखालून मुलाने आत जायचे आणि बाहेर यायचे, याला काय म्हणायचे? त्यातच आपल्या राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास आणखी एक संधी, आणि तीही हुकल्यास त्याच वर्गात. म्हणजे माझ्या भाच्याला आधी ‘ड’मध्ये बसवायचे, त्याचे तास ऑफ जाऊ द्यायचे आणि एप्रिलमध्ये त्याला विचारायचे की तुला का आले नाही.

शिक्षकांची बाजू मला माहीत नाही असे नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुले, वर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती. आणि सेमीच्या तुकडीचा आग्रह पालकच धरतात, हेही मान्य. हे लिहिताना सुरुवातीला जितका राग होता, तितका आता त्यांच्यावर राहिलेला नाही. सत्तर नावे पाठ करायलाही माणसाला सवड लागते. तरीही तुकड्या करायच्याच असतील, तर सर्वांत चांगला शिक्षक ‘ड’ला द्या. ‘अ’ची मुले शिकवणीला जातात, त्यांच्या घरी विचारायला कोणी असते. ‘ड’च्या मुलाला फळ्यापलीकडे दुसरे ठिकाण नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. आता थकले आहेत, ऐकू कमी येते. मी पाया पडलो, नाव सांगितले, तर त्यांनी गाव आणि वडिलांचे नावही अचूक सांगितले. मग मी त्यांना पाऊण रुपया किलोचा तो हिशेब आणि ‘अ’चा फळा सांगू लागलो. त्यांना तो प्रसंग अजिबात आठवत नव्हता. “असं केलं होतं का मी?” म्हणून त्यांनी दोनदा विचारले. मला क्षणभर वाईट वाटले. नंतर जेवणाच्या पंगतीत बसल्यावर लक्षात आले की ज्यांची नावे त्यांनी फळ्यावर लिहिली, ते आम्ही पुष्कळ असणार.

निघताना आज भाच्याला मी तेच गणित घातले, फक्त दर आजचा धरला. त्याने वही उघडली नाही, बोटेही मोजली नाहीत. ओट्यावरून उठून आत पाहिले, आई ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच उत्तर सांगितले. बरोबर होते. कसे काढले, ते विचारले, तर म्हणाला, “शाळेत असं चालत नाही मामा.”

तुकडीची जागा भर, असे मी त्याला सांगितलेले नाही. सोमवारी साडेदहाला मी मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे. आठवी ‘ड’ला गणित कोण शिकवणार आणि आठवड्यात किती तास प्रत्यक्ष होणार, एवढे दोनच प्रश्न विचारायचे आहेत, शांतपणे. गावातले ज्यांचे पोर ‘क’ किंवा ‘ड’मध्ये आहे, त्यांनी बरोबर यावे. जे माझ्याबरोबर त्या पत्र्याच्या खोलीत बसत होते, त्यांनी तर यावेच. मी सव्वादहापासून फाटकाशी उभा असेन.