सेंटओएस सातला उदंड आयुष्य लाभो

सर्व्हरचं मोठं अपग्रेड तोंडावर आलंय? तयारी अजिबात करू नका. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपणार हे वर्षानुवर्षं जाहीर होतं, त्यामुळे शहाण्या माणसाने १ जुलैपर्यंत थांबावं. मग 'मिररलिस्ट'चा होस्ट सापडत नाही म्हणून यम (पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) रडायला लागला की सगळ्या रेपो (पॅकेजांचा साठा) फायलींत व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या कोठाराचा, पत्ता चिकटवावा आणि पुन्हा निवांत झोपावं.

रेपो मात्र सढळ हाताने जोडा. जादा पॅकेजांचं इपेल हवंच, पीएचपीसाठी रेमी, मारियाडीबी डेटाबेसची वेगळी, शिवाय कुठल्याशा ट्युटोरियलमधून उचललेली एखादी, जिचं डोमेन आता कुणाचं आहे देव जाणे. प्रायॉरिटी लावू नका. भांडू देत आपापसात. यमच्या यादीत शेवटच्या रकान्यात '@इपेल', '@रेमी' असं लिहून येतं, तिकडे बघू नका. आणि त्या रकान्यातही रेपोचं नाव दिसू नये असं वाटत असेल तर पॅकेजची आरपीएम फाइल थेट डाउनलोड करून 'नोडेप्स' (लागणारी इतर पॅकेजं तपासू नको) आणि 'फोर्स' (जबरदस्तीने बसव) लावून ठोका.

यमच्या कॉन्फिगमध्ये काही पॅकेजं वगळणारी 'एक्सक्लूड'ची ओळ टाका. का टाकली ते लिहू नका.

पायथनची लिंक ३ कडे वळवा. यम स्वतः पायथन २ मध्ये लिहिलेला आहे, हे त्याचं तो बघून घेईल.

बॅकअप आहे असं म्हणत राहा.

लीपची (सातवरून आठवर नेणाऱ्या साधनाची) पूर्वतपासणी चालवलीच, तर अहवाल वाचू नका. त्यात 'इनहिबिटर' (अपग्रेड अडवणाऱ्या अडचणी) म्हणून लाल अक्षरांत काहीबाही असतं. लीपच्या प्रश्नांची उत्तरं असलेल्या आन्सरफाइलमध्ये 'ट्रू' लिहायचं आणि पुढे जायचं.

आणि सर्वात महत्त्वाचं: जे पॅकेजमध्ये मिळत नाही ते सोर्सवरून कंपाइल करून लोकलमध्ये (/usr/local या फोल्डरात) टाका. मागच्या शनिवारी मी एका क्लायंटचा सर्व्हर सातवरून अल्मालिनक्स ८ वर (सेंटओएसच्या जागी वापरतात ते लिनक्स) नेत होतो. "एकच साधी वेबसाइट आहे हो," असं सांगितलं होतं. अपग्रेड झालं, मशीन रीबूट झालं, पिंगला उत्तर आलं, पण एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) बंद. होस्टिंगवाल्याचं कन्सोल उघडावं तर रूटचा पासवर्ड कुणाकडे नाही. तो बदलून आत शिरेपर्यंत दीड वाजला. आत काय, तर आधीच्या महाशयांनी कधीतरी ओपनएसएसएल १.१.१ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) स्वतः कंपाइल करून लोकलच्या लिबमध्ये टाकलेलं आणि तो रस्ता एलडीच्या (प्रोग्रॅमला लायब्ररी शोधून देणाऱ्याच्या) कॉन्फिगमध्ये सगळ्यांच्या आधी लावलेला. सातमध्ये सिस्टिमचं ओपनएसएसएल १.०.२, लायब्ररीचं नावच वेगळं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. आठमध्ये सिस्टिमचंही १.१.१. नाव तेच, पण रेड हॅटने त्यात घातलेली जास्तीची फंक्शनं या घरगुती लायब्ररीत नाहीत. एसएसएचडीने (एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्यातलंच 'ईव्हीपी केडीएफ' शोधलं, मिळालं नाही, मेला. आरपीएमला (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्याला) त्या फायलीची खबरच नव्हती, मग लीपला कुठून असणार? उरलेली रेमीची पॅकेजं सातची खूण असलेलं 'ईएल७'चं शेपूट लावून तिथेच बसलेली, कारण लीप परक्यांना हात लावत नाही. सकाळी साडेसहाला साइट चालू झाली. नऊ वाजता मालकांचा फोन: "आधी तर चालत होतं!"

चालत होतं! कुणामुळे चालत होतं, कशावर चालत होतं, एका ओळीत तरी कुठे लिहिलंय का? अहो, टेक्स्ट फाइल उघडायला कोण पैसे मागतं? जे पॅकेज रेपोबाहेरून टाकलं ते का टाकलं, कधी टाकलं, एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवून तुम्ही तीन वर्षांनी दुसऱ्याची रात्र खाता. लोकलमध्ये काय पडलंय ते उघडून बघा. परक्या पॅकेजांची यादी काढा, जी लागत नाहीत ती आधीच काढून टाका, जी लागतात त्यांची आठवरची रेपो आहे का ते पाहा. मशीनचा क्लोन करून आधी त्यावर लीप चालवा. रूटचा पासवर्ड शोधून ठेवा. एका दुपारचं काम आहे. तेवढंही जमत नसेल, तर रात्री दीडला मला फोन करू नका, त्या महाशयांनाच करा. नंबर असेल ना त्यांचा? की तोही कुठे लिहून ठेवला नाहीत?