गीझर दिवसभर चालू ठेवून वीज वाचत नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: गीझर बंद करून पुन्हा लावला की जास्त वीज खातो, म्हणून चोवीस तास चालूच ठेवा. हे चूक आहे.

टाकीतलं पाणी जितकं गरम, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते. ती भरून काढायला थर्मोस्टॅट अधूनमधून कॉइल लावतो, घरात कोणी नसलं तरी. गीझर बंद असेल तर पाणी निवत जातं, तशी गळतीही मंदावते. पुन्हा तापवताना फक्त गेलेली उष्णता भरायची असते. स्विच लावताना वीज ‘उसळते’ म्हणतात, तेही कॉइलला लागू नाही. सुरू होताना जादा वीज ओढायला ती काही मोटर नव्हे.

15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतं, म्हणजे 2 किलोवॉटच्या गीझरची जेमतेम 20 मिनिटं. आपल्याकडे नळाचं पाणी मुळात फार गार नसतंच (जानेवारीतल्या चार दिवसांचं कौतुक सोडा). 75 अंशांपर्यंत तापवून बादलीभर गार पाणी मिसळण्यात काय हशील? अंघोळी मात्र लागोपाठ उरका. नवा गीझर घेताना बीईईच्या (वीजबचतीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) स्टार लेबलवर 24 तासांतली उष्णतागळती दिलेली असते, ती बघा.